शाळवातला आवाज

...न्हाई, तुमीच सांगा, असलं कुठं ऐकलंय? आमच्या भाचीनं, दीपमालानं, सांगलीत बसून पोरांसाठी मोबाईलवर अभ्यास तयार केला, धडा ऐका, प्रश्न सोडवा, आन् उत्तर चुकलं की ही सोताच्या आवाजात वरडणार, "चूक! चूक! परत वाच!" आवाज कसा? खणखणीत! आईवर गेलाय! दिला माण तालुक्यातल्या एका शाळंला, तर महिन्याभरात काय दिसावं? नववीतली एक प्रियंका, उजाडल्यापासनं दिस मावळंपतूर नुसती चुकतीया! त्योच प्रश्न, तीच चूक, थांबायचं नाव न्हाई! आता बोला!

दीपमालाचा सायेब म्हणतो, "मॅडम, ही एकटी सगळ्या शाळेचा निकाल खाली ओढते, नाव काढा तिचं." गुरुजी म्हणत्यात, "मठ्ठ आहे हो!" ही म्हणली, "मामा, पोरगी मठ्ठ नसेल, माझा धडाच वाईट असेल, गाडी काढा!" काढली. दहिवडीच्या म्होरं, माळावरनं, ढेकळातनं, तोंडात समदा धुरळा, आन् लांबनं काय ऐकू यावं? "चूक! चूक! परत वाच!" आवं, रानातनं! हिचाच आवाज! दीपमाला गाडीवर पांढरीफटक!

बघतोय तर शाळवात, म्हंजी ज्वारीच्या रानात, राखणीचा माळा, माळ्यावर प्रियंकाचं आजोबा, लालासाहेब, मोबाईलला भोंगा जोडलेला, आन् म्हातारा चुकीच्या उत्तरावर नेम धरून बसलाय! ठिवलं बोट, की भोंगा वरडतोय, आन् पाखरांचा थवाच्या थवा भुर्रर्र... आता बोला!

"अहो आबा, हा अभ्यास आहे!"

"व्हय की! लय गुणाचा हाय. खांदा निखळल्यापासनं गोफण फिरत न्हाई बघा. डबा बडवला, पाखरं भ्याली न्हाईत. ह्या बाईला मातूर भ्येत्यात!"

दीपमालाला हसावं का रडावं कळंना. "आणि प्रियंका?"

"ती रातच्याला बघती की."

कशाचं बघती! तवर मोबाईल मेलेला! पोरगी बांधावर खाली मान घालून हुबी. हिनं त्योच प्रश्न तोंडी इचारला. फाडकन उत्तर! दुसरा इचारला, त्यो बी बरोबर!

"अगं, मग शाळेत का नाही बोललीस?"

"काय बोलू, ताई? आबांचं नाव सांगितलं तर मोबाईल शाळंत ठिवायला लावतील. मग शाळू कोण राखणार?"

घ्या! शाळू ऱ्हावा म्हणून पोरगी मठ्ठ म्हणवून घेत हुती... मी ढेकळावरच बसलो. आता बोला!

दीपमालानं तिथनंच सायबाला फोन लावला, "सर, नाव काढायचं नाही! पोरगी नाही चुकत, पाखरं हाकायला आजोबा चुकतायत!" मग सोताचा आवाज मेमरी कार्डावर भरून भोंग्याला जोडून दिला, मोबाईल प्रियंकाच्या हातात. पोरगी आता धडाधड सोडवती. एकदाच चुकली, तर लगोलग निरोप, "ताई, जरा हळू वरडा, शेरडं दावं तोडत्यात!"

बरं, एवढ्यावर मिटावं का न्हाई? शेजारच्या वाडीच्या भाऊसोंचा फोन, "ताई, मक्यात रानडुकरं येत्यात, जरा दम भरून द्या की!" एवढी शिकलीसवरली इंजिनेर पोरगी, आता बी आत दार लावून वरडतीया... वरडू द्या. डुकरांना आवाज जरा चढा लागतो म्हणं.