दाताची बाटली, घशाची बाटली

लेक : म्हणजे सकाळी तू दोन्ही बाटल्यांतली घेतलीस?

आई : मग? दाढ ठणकतेय म्हणून ‘दात’मधली एक, घसा धरलाय म्हणून ‘घसा’मधली एक. तुझ्या बाबांनी एवढ्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्यात, मी काय आंधळी आहे?

लेक : अगं, दोन्हींत एकच गोळी आहे.

आई : असं कसं? घशाची ती घशाची.

लेक : रंग बघ, आकार बघ. एकच अँटिबायोटिक. घसा, कान, सायनस, लघवीची जळजळ, गळू, दाढेतला पू, बऱ्याच ठिकाणी डॉक्टर हीच देतात. बाबा जरा बरं वाटलं की बंद करायचे आणि उरलेल्या गोळ्या बाटलीत भरून त्या दुखण्याचं नाव चिकटवायचे.

आई : आणि ही ‘कुत्रं’?

लेक : शेजाऱ्यांचा कुत्रा चावला होता ना, तेव्हाची. तीही हीच.

आई : कमाल माणूस. मला वाटायचं घरात अख्खा दवाखाना आहे. निघाली एकच गोळी. आणि ऐट केवढी!

लेक : म्हणून तुझं पोट ढवळतंय. दुप्पट घेतलीस.

आई : ‘पोट’ लिहिलेली सापडली नाही, नाहीतर तिचीही घेतली असती.

लेक : सापडली नाही ते बरं. ‘सर्दी’ही आहे इथे. सर्दीला तर ही चालतसुद्धा नाही.

आई : तरी रुबाबात द्यायचे. म्हणायचे, दोन औषधांची आहे, साधीसुधी नाही.

लेक : दोन आहेतच. एक जंतूंना मारतं. पण काही जंतू त्यालाच मोडून टाकतात, म्हणून दुसरं त्यांचे हात धरून ठेवतं.

आई : म्हणजे आमचा संसार. हे भांडायचे, मी समोरच्याला धरून ठेवायची. नाव मात्र ह्यांचं.

लेक : आई, सूज डोळ्यापर्यंत आलीय. उरल्यासुरल्या गोळ्यांनी हे जाणार नाही. दाताच्या डॉक्टरकडे चल.

आई : महिना झाला नाही तुझ्या बाबांना जाऊन. लोक म्हणतील, बाई खाऊन खाऊन गाल फुगवून हिंडतेय.

लेक : लोकांचं सोड. तुला काय होतंय ते सांग.

आई : तो दाढ काढायची म्हणेल.

लेक : म्हणू दे.

आई : या महिन्यात आणखी काही काढून द्यायची माझी तयारी नाही. दाढसुद्धा.

लेक : माझी तरी कुठे आहे? म्हणून तर चल म्हणतेय.

(आई उठते.)

आई : ती निळी ओढणी दे. गाल झाकते.

लेक : ही घे. जिना सावकाश उतर.

आई : जिन्यात कोणी भेटलं तर तू बोल. मला बोलायला लावू नकोस.

लेक : काय सांगू?

आई : दाढ दुखतेय म्हण. तेवढंच दुखतंय म्हण.