शेजाऱ्यांपेक्षा दुप्पट

…आणि वर त्या गॅस कंपनीचा चोंबडेपणा बघा. बिल पाठवायचं ते पाठवा, आम्ही भरतो, कधी नाही म्हटलंय? पण बिलाखाली चित्र काढायचं काय कारण? तीन घरं काढलेली असतात. एक छोटंसं हिरवं, त्याला हसरं तोंड, खाली लिहिलेलं 'काटकसरी शेजारी'. मग एक मधलं, 'इतर शेजारी'. आणि मग हे एवढं लालभडक, कागदाच्या पार कडेला टेकलेलं… 'आपण'. आपण म्हणजे मी! आर्विड स्कोगस्टाड, वय वर्षं एकाहत्तर, ज्याने उभ्या जन्मात एक नोव्हेंबरच्या आधी घरातली भट्टी पेटवली नाही, खिडकीला आतून बर्फ धरलं तरी नाही पेटवली, तो मी अख्ख्या गल्लीत उधळ्या ठरलो. शेजाऱ्यांपेक्षा दुप्पट गॅस! तक्रार नाही हं माझी. आम्ही मिनेसोटाची माणसं तक्रार करत नाही. मी आपलं सांगतोय.

बरं, हे बिल आलं डिसेंबरात, आणि आलं ते पडलं कोणाच्या हातात, तर मार्लिसच्या. मार्लिस म्हणजे माझी बायको, सेहेचाळीस वर्षं झाली. ती ओरडत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, माणसाला उलटून ओरडता तरी येतं. तिने चष्मा लावला, चित्र बघितलं, चष्मा काढला, आणि म्हणाली, "आर्विड, एवढा गॅस जाळून मी स्वयंपाकघरात मोज्यांचे दोन जोड घालते."

मी म्हटलं, "कडाका आहे यंदा."

"शेजारच्या इनग्रिडकडे नाही का कडाका? ती उघड्या पायांनी फिरते."

मी कॉफी प्यायलो. मग ती म्हणाली, "जानेवारीचं बिल बघू. उतरलं तर ठीक. नाही उतरलं, तर पुढचा अख्खा हिवाळा आपण व्हर्नाकडे काढायचा."

व्हर्ना म्हणजे तिची धाकटी बहीण. राहते ॲरिझोनात. अख्खा हिवाळा! म्हणजे तळ्यावरचं बर्फ पहिल्यांदा जमेल तेव्हा मी तिथे नाही, बर्फावर बसून मासे धरायची माझी खोपटी दुसराच कोणीतरी तळ्यावर ओढून नेणार, चर्चच्या गायनात खालच्या पट्टीतला मी एकटा, ते सगळे नाताळात चिवचिवत बसणार, आणि मी? मी वाळवंटात, व्हर्नाच्या नवऱ्याच्या शेजारी, त्या गोल्फच्या छोट्या गाडीत बसून निवडुंगाला प्रदक्षिणा घालतोय! वेंडेल त्याचं नाव. डिसेंबरात अर्धी चड्डी घालतो आणि तिचा फोटो पाठवतो. फोटो का पाठवतो? मी कधी त्याला माझ्या लोकरीच्या आतल्या कपड्यांचा फोटो पाठवला?

तेव्हा मी कंबर कसली. म्हटलं, बिल उतरवायचंच. खरं तर नोव्हेंबरातच सुरुवात केली होती मी काटकसरीची. आमची भट्टी तळघरात, ती हवा तापवते आणि पंख्याने वर ढकलते, पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत, प्रत्येक खोलीत जमिनीला एक जाळी, तिच्यातून ऊब वर येते. साधी गोष्ट आहे. आता मला सांगा, मुलं गेली मिनियापोलिसला, त्यांच्या तीन खोल्या रिकाम्या. रिकाम्या खोलीत ऊब कोणाला, पलंगाला? म्हणून मी त्या खोल्यांच्या जाळ्या घट्ट बंद केल्या. शिवणाच्या खोलीची केली. पाहुण्यांच्या खोलीची केली. पाहुणा आला तर बघू. शिवाय भट्टीचा फिल्टर आणला, तो साधासुधा नाही, दुकानातला सगळ्यात जाड. डब्यावर लिहिलेलं की याच्यातून मांजराच्या केसाचा कणसुद्धा जात नाही. आमच्याकडे मांजर नाही, पण चांगली वस्तू ती चांगली वस्तू.

आणि तरी दुप्पट! म्हणजे चोर कुठेतरी दुसराच आहे. मी बसलो शोधायला. आणि सापडला, तुम्हाला सांगतो, सापडला. दिवाणखान्याच्या भिंतीत खाली एक मोठी जाळी आहे, हे घर घेतल्यापासून आहे, तिच्याकडे कोण बघतंय? मी गुडघ्यांवर बसलो, हात धरला. हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती! कागदी रुमाल धरला, तो फट्कन जाळीला चिकटला. मी ओरडलो, "मार्लिस, ही बघ, ही भिंत आपली ऊब पितेय!"

ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "सत्तेचाळीस वर्षं?"

"सेहेचाळीस," मी म्हटलं. आणि मग मी काय केलं, ऐका. आमच्या माडीवर माझ्या आजोबांची पेटी आहे. नॉर्वेहून बोटीतून आणलेली, सागासारखी जड, वर निळी-तांबडी फुलं रंगवलेली, आजोबांचं नाव आणि साल. इथे घराघरात अशी एकेक पेटी असते आणि तिला कोणी हलवत नाही. मी हलवली. एकट्याने, पायऱ्यापायऱ्यांनी, माझी कंबर अजून बोलते त्याबद्दल. आणत आणत त्या जाळीला अशी चपखल टेकवून ठेवली की केस जायला जागा नाही. वर क्रोशाचा रुमाल, त्यावर फोटो. म्हटलं, पी आता.

तक्रार नाही हं माझी, पण त्या दिवसापासून भट्टीला काय झालं देव जाणे. लागायची… भुर्र्र… दोन मिनिटं, की टक्, बंद. नुसता पंखा घूं घूं. मग परत भुर्र्र… टक्. दिवसभर! दम्याच्या माणसाने जिना चढावा तसं चाललेलं. थर्मोस्टॅटवर मी मागायचो अडुसष्ट फॅरनहाइट, घर द्यायचं साठ. मी दोन स्वेटर, वर कोट. मार्लिस मोज्यांचे तीन जोड. ती फोनवर व्हर्नाला विचारायची, "तिकडे चादर लागते का गं रात्री?" मुद्दाम, मला ऐकू जाईल असं.

शेवटी डेल्मरला बोलावणं भाग पडलं. डेल्मर भट्ट्या दुरुस्त करतो, चाळीस वर्षं तेच काम, चर्चमध्ये माझ्या शेजारी बसतो. आता 'माझ्याच्याने होत नाही, ये आणि बघ' असं कसं सांगणार माणूस माणसाला? मी म्हटलं, "डेल्मर, नाताळच्या वड्या उरल्यात. ये कॉफीला." तो म्हणाला, "येतो." आणि आला, तर हातात हत्यारांची पेटी. ती त्याने दाराशी ठेवली आणि आम्ही दोघांनी ती बघितलीच नाही.

कॉफी झाली. थंडीबद्दल बोललो. त्याच्या भावाच्या गुडघ्याबद्दल बोललो. खालून भुर्र्र… टक्. डेल्मर म्हणाला, "तळघर कसं आहे तुमचं हल्ली?" मी म्हटलं, "बघ की जाऊन." गेला, वीस मिनिटांनी वर आला, हात धुतले, परत कॉफी. मग दिवाणखान्यात जाऊन पेटीसमोर उभा राहिला.

"छान पेटी आहे."

"आजोबांची."

"इथेच असते?"

"आत्ताच आणली."

"हं," डेल्मर म्हणाला. "वेगळंच काहीतरी."

आता आमच्याकडे कोणी 'वेगळंच' म्हणालं ना, की समजायचं, आपण काहीतरी महामूर्खपणा केलाय. दुसऱ्याला म्हटलेलं आम्हाला लगेच कळतं. स्वतःला म्हटलेलं मात्र… मला वाटलं, त्याला फुलं आवडली.

मग तो निघाला. आमच्याकडे निघणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. एक निरोप टेबलापाशी, दुसरा कोट घालताना, तिसरा दारात. दार सताड उघडं, बाहेर उणे वीस, आणि डेल्मर उंबऱ्यावर उभा राहून मला चर्चच्या छपराबद्दल सांगतोय! पंधरा मिनिटं! मी गॅस मोजतोय मनात. मग चौथा निरोप अंगणात, आणि पाचवा गाडीपाशी. गाडी चालू, काच खाली. डेल्मरने हातमोजे घातलेले दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, समोर बघितलं, आणि म्हणाला, "आर्विड, तुझ्या आजोबांबद्दल मला फार आदर आहे."

"असणारच," मी म्हटलं.

"पण त्यांना जरा बाजूला सरकव."

आणि मग बोलला हो तो माणूस! चाळीस वर्षांत जेवढा बोलला नाही तेवढा गाडीच्या खिडकीतून बोलला. म्हणाला, भिंतीतली ती जाळी चोर नाही, ते भट्टीचं नाक आहे. घरातली हवा तिथून भट्टीकडे परत जाते, तापते, वर येते. नाक तू पेटीने दाबलंस. फिल्टर आणलास तो गोधडीएवढा जाड, म्हणजे तोंडावर गोधडी. हवाच मिळेना, म्हणून भट्टी आतल्या आत जास्त तापते, घाबरून बंद पडते, निवते, परत पेटते. गॅस जळतो, घर तापत नाही. मी म्हटलं, "आणि त्या रिकाम्या खोल्या? त्या तर मी बंद केल्यात." त्याने माझ्याकडे असं बघितलं, डॉक्टर बघतात ना रिपोर्ट हातात घेऊन, तसं. म्हणाला, "हवेला पुढून वाट नाही, मग ती नळांच्या सांध्यांतून फुटते. मागच्या पडवीखाली सगळे सांधे सुटलेत. तिकडे फार छान ऊब आहे."

"म्हणजे मी सबंध डिसेंबर पडवीखालची माती तापवली?"

"मी असं म्हणत नाही," डेल्मर म्हणाला आणि काच वर केली.

मी पडवीखाली शिरलो, टॉर्च घेऊन, पोटावर. तिथे मार्लिस हिवाळ्यात डेलियाचे कंद ठेवते, भुशाच्या खोक्यांत, गार झोपायला. तुम्हाला सांगतो, झोपलेले कसले! वीतवीत कोंब आलेले. हिरवेगार! वर माझी बायको मोज्यांचे तीन जोड घालून आणि खाली डेलियांचा मे महिना चाललेला. एक खोकं घेऊन मी वर गेलो आणि तिच्यासमोर ठेवलं. सगळं सांगितलं, पेटी, फिल्टर, जाळ्या, सगळं. तिने कोंबाला बोट लावलं. म्हणाली, "वेगळंच." या वेळी मला लगेच कळलं.

डेल्मर परत आला, सांधे बंद केले, साधा पातळ फिल्टर घातला. जाळ्या उघडल्या. आजोबा गेले माडीवर, डेल्मरच्या दोन पोरांनी नेले. आणि घर… काय सांगू, दोन दिवसांत घर असं ऊबदार झालं की मी खुर्चीत बसल्याबसल्या पेंगायला लागलो. जानेवारीचं बिल आलं. हिरवं घर! छोटंसं! हसरं तोंड! मी ते मार्लिसच्या कॉफीशेजारी ठेवलं आणि छाती काढून उभा राहिलो. वाचला माझा हिवाळा, वाचलं माझं तळं.

ती म्हणाली, "छान झालं रे," आणि उठून कप धुवायला लागली. एकच कप होता. किती वेळ धुवावा? आणि तेव्हा, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला थंडी वाजत नव्हती. थंडी तिला काय नवीन आहे? तिला बहीण हवी होती. आई गेल्यापासून दोघी भेटल्या त्या चार दिवस, तेही कोणाच्या तरी अंत्यविधीला. बिल हा नुसता बहाणा, कारण 'मला व्हर्नाची आठवण येते' असं सरळ सांगायची आमच्याकडे सोय नाही. मला फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी हातात हिरवं घर घेऊन उभा, आणि बायको पाठमोरी.

म्हणून मीच म्हटलं, "व्हर्नाला इकडे बोलाव की. वेंडेलला पण. घर आता चांगलं गरम आहे."

आता इथे माझी चूक झाली. आमच्याकडे बोलावण्याची एक रीत आहे. पहिल्यांदा बोलावलं की समोरच्याने 'छे, छे, उगाच त्रास' म्हणायचं. दुसऱ्यांदा बोलावलं की 'बघू हं' म्हणायचं. तिसऱ्यांदा बोलावलं तरच येण्याचा विचार. तीन बोलावण्यांत दोन वर्षं सहज निघतात, आणि बोलावल्याचं पुण्य पदरात! मी त्या हिशोबात होतो. पण व्हर्ना वीस वर्षं वाळवंटात राहून सगळं विसरलीय हो. मार्लिसने विचारलं, आणि पलीकडून एका दमात, "कधी येऊ?"

अकरा बॅगा! मंगळवारी आले. दोघी बहिणी दिवसभर स्वयंपाकघरात, एक सांगते, दुसरी हसते, मग दुसरी सांगते आणि पहिली हसते, आणि मार्लिस उघड्या पायांनी फिरते. मोजे नाहीत! बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण वेंडेल! बाहेर उणे पंचवीस आणि हा दिवाणखान्यात अर्धी चड्डी घालून. येता-जाता थर्मोस्टॅटला बोट लावतो. सत्तर… त्र्याहत्तर… परवा मी बघितलं, एकोणऐंशी! खिडकीपाशी उभा राहून म्हणतो, "काय सुंदर बर्फ पडतंय रे!" फेब्रुवारीचं बिल आलं, लाल घर कागदावर मावलंच नाही, दुसऱ्या पानावर गेलं. तक्रार नाही हं माझी.

काल मी धीर करून, आपलं सहज, कॉफी ओतता ओतता वेंडेलला विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं काढलंयत?"

"काढलंच नाही," तो म्हणाला. "म्हटलं, आधी बघू घर नीट गरम राहतं का."

राहतं हो. फार छान राहतं.