जड फिरणारा क्रँक

भाची : तू बांधून दिलेलं बाबांच्या गाडीचं इंजिन गार असताना काही नाही, मामा. गरम झालं की तेलाचा दिवा लागतो. तू म्हणालास, थोडी चालव, सैल होईल. मी चालवली, सावकाश, सांगितलंस तशीच. सैल काही झालं नाही, वर खालून ठोके यायला लागले.

मामा : नव्याने बांधलेलं इंजिन आखडलेलंच असतं. नव्या चपलेसारखं.

भाची : चपलेत तेलाचा दाब नसतो.

मामा : हे तुझ्या प्रयोगशाळेत बोल. इथे मला बोळा दे. तो नाही, कोरडा.

भाची : हा घे. आणि टेम्पोवाल्याचा फोन आला होता. दुपारपर्यंत येतोय इंजिन न्यायला. दुसऱ्या गॅरेजवाल्याने आजचीच वेळ दिली आहे.

मामा : येऊ दे. त्याच्याआधी मला तुझ्यासमोर उघडायचंय, एवढंच. त्यांनी उघडलं आणि काही निघालं, तर मला ते चार लोकांकडून कळणार. त्यापेक्षा आपल्या डोळ्यांनी बघितलेलं बरं.

भाची : मी त्यांना तुझं नाव सांगितलेलं नाही.

मामा : सांगायला कशाला लागतंय? बांधणी बघून ओळखतात. शेजारचा टायरवाला कधीपासून गाळा मागतोय. त्याला म्हटलंय, चूक माझ्या हाताची निघाली तर किल्ली तुझी. आज सकाळी पण डोकावून गेला. तब्येत विचारत होता.

आई : छोट्या, असल्या शपथा घ्यायच्या नसतात.

मामा : ताई, तू गाडीत बसलीस ना? मग बस. इंजिन नसलेल्या गाडीत बसून कारभार करू नकोस.

आई : दुसरं बसायला आहे काय तुझ्याकडे? स्टुलावर डबे, खुर्चीवर बॅटरी.

भाची : मामा, सगळ्या बोल्टांवर पांढरी खूण आहे.

मामा : आवळला की खूण करतो. हात थरथरतात म्हणून. पूर्वी नव्हतो करत. टॉर्क पाना लावून, ठरलेल्या जोरानेच आवळलेत सगळे, एकही ढिला मिळायचा नाही तुला. पिस्टन मोकळे केलेत, आता क्रँकला दाबून धरणाऱ्या या पाच कॅप निघाल्या की पिस्टन फिरवतात तो आख्खा क्रँक उघडा पडेल. ही पहिली. बघ.

भाची : ठीक दिसतंय. बेअरिंग सगळीकडे सारखं घासलंय.

मामा : ही दुसरी. हं.

भाची : एका कडेला बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांबं दिसतंय.

मामा : दिसतंय.

भाची : तिसरी ठीक. चौथीला परत तांबं, पण उलट्या कडेला. पाचवी ठीक. म्हणजे नेमकं दोन आणि चारलाच. मामा, मधल्या कॅपवर तीन ठिपके आहेत. हे काय?

मामा : नंबर. दाजींनी मारलेले, पंच ठोकून. प्रत्येक कॅप आपापल्या जागी घासून बसवलेली असते. दुसरीकडे लावली की केसभर फरक पडतो. म्हणून पहिलीला एक, दुसरीला दोन, असं.

भाची : मग या पहिल्या कॅपवर पाच का आहेत?

मामा : ते मी पण बघितलं होतं. आणि शेवटचीवर एक. पण पहिली आणि शेवटची घडणीनेच वेगळ्या, चुकीच्या जागी बसतच नाहीत. म्हटलं, ठिपके मारताना दाजी गडबडले असतील. त्या दोन आकाराने लावल्या, मधल्या तीन मात्र ठिपके बघून.

भाची : बाबा गडबडले?

मामा : माणूसच होते ते.

भाची : दोन टोकांच्या कॅपवर उलटे नंबर आणि मधल्या तिन्हींवर सुलटे? गडबड अशी होत नाही. त्यांनी मागून मोजलं असेल तर सगळं जुळतं. तीन तिथेच राहतो. दोन आणि चारची अदलाबदल होते.

मामा : मोटारीचं इंजिन कोण मागून मोजतं? पंख्याकडून, म्हणजे पुढून मोजतात. सगळं जग पंख्याकडून मोजतं.

आई : बोटीवर नाही.

मामा : काय?

आई : ते ज्या बोटीवर कामाला होते, तिथे मागच्या मोठ्या चाकाकडून मोजायचे. हे इंजिन खोललं तेव्हा मीच शेजारी बसून एकेक कॅप पुसून देत होते. पहिली दे म्हणायचे, मी पुढची द्यायचे, की ओरडायचे. मागची पहिली, मागची पहिली. माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मामा : मी कुठे होतो तेव्हा?

आई : रुसला होतास. त्यांनी तुझ्या गॅरेजला खेळण्यांचं दुकान म्हटलं होतं. आमच्याकडे पाऊल टाकत नव्हतास.

मामा : बरोबर. ते इंजिन मी त्यांच्या हयातीत कधी उघडून बघितलंच नाही. त्यांनी उघडू दिलं नसतं, आणि मी मागितलं नसतं.

भाची : मला एक कळत नाही. कॅप बदलल्या असतील तर त्या दोन जागी क्रँक घट्ट धरला गेला असणार. फिरवताना लागायला हवं होतं. बांधताना तू फिरवून बघितला नाहीस?

मामा : बघितला.

भाची : मग?

मामा : जड होता.

भाची : किती?

मामा : दोन बोटांनी फिरायला हवा. मला दोन्ही हात लावावे लागले. परत फिरवला, परत तसाच. मग लोखंडी दांडा घेतला आणि फिरवला.

भाची : मग थांबला का नाहीस?

मामा : मला वाटलं, क्रँक नाही जड, माझेच हात गेलेत. तू म्हणतेस हात दाखव डॉक्टरांना. ताई म्हणते सुईत दोरा ओवता येत नाही तुला. टायरवाला रोज तब्येत विचारतो. घरात भरलेली बादली मला दोनदा टेकवावी लागते. म्हटलं, तसाच हा क्रँक. कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही लगेच म्हणाला असता, बंद कर आता.

आई : म्हटलंच असतं.

मामा : बघ.

भाची : म्हणजे हातांनी बरोबर सांगितलं होतं.

मामा : सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

आई : मग किल्लीचं काय? चूक हाताची निघाली तर, असं म्हणाला होतास.

मामा : ही डोक्याची निघाली. डोक्याच्या चुकीला गॅरेज बंद करायचं म्हटलं तर या रस्त्यावर एकही उघडं राहणार नाही. ए, क्रँकवर नख फिरवून बघ. दोन नंबरच्या जागी. अडकतंय का?

भाची : नाही. गुळगुळीत आहे.

मामा : चारला?

भाची : तिथे पण नाही.

मामा : वाचला. दाजींच्या नशिबाने वाचला. त्या फळीवर बेअरिंगचा जादा जोड आहे, तो दे. दोन आणि चारला नवीन घालू. आणि त्या दोन कॅप इकडे सरकव. कोणती कुठे, ते तू बोल. मोठ्याने.

भाची : चार ठिपक्यांची पुढून दुसरी. दोन ठिपक्यांची पुढून चौथी.

आई : मागून मोजलंस तर सोपं जाईल.

मामा : ताई, आता पुरे.

(पाचही कॅप बसतात. मामा टॉर्क पाना लावून बोल्ट एकेक करून आवळतो, प्रत्येकावर पांढरी खूण करतो. बाहेर हॉर्न वाजतो.)

आई : टेम्पो आला.

भाची : थांबव त्याला जरा. मामा, फिरव.

मामा : तू फिरव.

भाची : नाही, तू. दांडा नको.

मामा : दांडा कोण घेतंय? हा बघ. दोन बोटं.

भाची : काय वाटतंय?

मामा : हलका आहे.

आई : तो विचारतोय, न्यायचं की नाही? त्याला दुसरीकडे पण जायचंय.

मामा : तू एकदा फिरवून बघ, आणि मग काय ते सांग त्याला. नंतर म्हणशील, म्हाताऱ्याचे हात.

भाची : मी फिरवून काय कळणार? जड म्हणजे किती आणि हलका म्हणजे किती, ते मला कुठे ठाऊक आहे. आई, त्याला म्हणावं, इंजिन इथेच राहतंय.