सुईनं पाणी निघालं, गाठ नाही

हॅलो? … किराणा दुकान ना? … मी सिल्वासाहून डॉक्टर नलिनी बोलतेय. वाल्मिकची बायको, कावेरी, तिला जरा बोलवा हो … हो, धरते …

कावेरी? हं, मीच … अगं हो, मिळाले पेढे! तुझा नवरा समोरच बसलाय. ड्युटी संपवून आला, खोकं उघडलं आणि म्हणतो, "बाई, सुईनंच गाठ गेली, आई तिला कानबाई देवीच्या सणाला, रोटांना, गावी घेऊन गेली." मी कपाळावर हात मारून घेतला! रिपोर्टला या म्हटलं होतं ना? … ऐक. अगं, ऐक ना … पोट सपाट झालं, कबूल. अंडाशयाच्या गाठीत पाणी होतं, ते मी ओढून घेतलं, म्हणून सपाट झालं. गाठ आत तशीच आहे …

नाही, ते इंजेक्शन नव्हतं. आत काही टाकलंच नाही, बाहेर काढलं … कशाला म्हणजे? तपासायला! वाल्मिकच्या धाग्याच्या कंपनीत रीळ तपासताना धागा ओढून बघतात ना? … मग! धागा बघितला म्हणून रीळ सुधारतं का? … हां. तुझं पाणी मी काचेवर घेतलं, रंगवलं, मायक्रोस्कोपखाली पुन्हापुन्हा पाहिलं. वलसाडच्या मोठ्या डॉक्टरांनाही दाखवलं. पेशी चांगल्या नाहीत गं … हो. कॅन्सरच … नाव घेतल्यानं वाढत नाही तो, घरी बसल्यानं वाढतो.

कावेरी? … रडतेयस?

रड, पण ऐकत रड. सोनोग्राफीत एकाच बाजूला दिसतंय. वेळेत सापडलंय. ती गाठ अख्खी काढायची, मग लागली तर सलाईनमधून औषधं … मूल? पोट उघडून बघितल्याशिवाय शब्द देत नाही मी. पण दुसरी बाजू चांगली निघाली तर तिला हात लावायचा नाही, असं सर्जनना बजावून ठेवलंय … हो, भांडून!

कोण फोन ओढतंय? … हं, चिमाबाई, नमस्कार … मावशी, हळू बोला, तुमची अहिराणी मला रत्नागिरीवालीला झेपत नाही … हो, कानबाई पावली. मी कुठं नाही म्हणतेय? … प्रसादाचे रोट खाऊन संपेपर्यंत सून घराबाहेर नाही? केवढे थापलेत हो ते रोट? … बरं, चुकलं, थट्टा नाही करत … गाठ गेली हे पाहिलं कोणी? … तुम्ही स्वतः, हात लावून? … हां, सुई घातली त्या दिवशी. त्यानंतर? … मग तिलाच विचारते. द्या फोन.

कावेरी, खरं सांग. पोट … हं … कधीपासून? … गावी निघायच्या आधीच भरायला लागलं होतं? … आणि पदर पुढं ओढून वावरत होतीस? … सासूबाईंचा आनंद मोडवेना? अगं वेडे … काय बोलू मी तुला …

नाही, मी नाही सांगणार त्यांना. तू सांग. आत्ता, तिथंच. मी फोन ठेवत नाही.

…

हं.

…

चिमाबाई? … अहो, तिनं फसवलं नाही तुम्हाला. तुम्हाला जपत होती ती … नाही हो, देवी कशाला कोपेल? … मी असेन ना. सर्जन कापतील, पण मी टेबलापाशी उभी राहीन. शब्द देते … बरी होईल? मला तरी तसंच वाटतंय, आणि मी उगाच गोड बोलणाऱ्यातली नाही. फक्त दिवस घालवू नका … वाल्मिकला पाठवू न्यायला? … बरं, तुम्हीच आणता. कधी? … आत्ता? अहो, आत्ता गाडी आहे का धुळ्याची … चिमाबाई? हॅलो? …

हॅलो … कोण, दुकानदार का? त्या कुठं गेल्या? … स्टँडकडे? फोन तसाच टाकून? … दोघी? … सासूनं हात धरलाय तिचा? … घट्ट?

बरं. ठेवते.