वरीची बिअर

(नॉर्वेतलं वोस. नाताळ आठवड्यावर आलाय. ओड्डवीनच्या शेतावर बिअर करायची खोली. सून सुन्निवा दारातच थांबली आहे.)

ओड्डवीन: आत ये गं. दारात उभी राहून सगळी थंडी आत सोडतेस.

सुन्निवा: नको बाबा, मी इथेच बरी. आत तुमचं बार्लीचं पीठ उडत असतं, मला ग्लूटेन सोसत नाही.

ओड्डवीन: कुठली बार्ली? ऑगस्टपासून दाणा शिरू दिला नाही. छपराचे वासेसुद्धा घासून काढले.

सुन्निवा: मग नाताळची बिअर?

ओड्डवीन: वरीची. न्हाणीघरातल्या टबात मोड आणले. तुझी सासू पंधरा दिवस बहिणीकडे जाऊन अंघोळ करत होती.

सुन्निवा: अगं बाई! तरीच फोनवर ताकास तूर लागू देत नव्हत्या... पण बाबा, मागं माझ्यासाठी वेगळी केलीत, तीही वरीचीच होती.

ओड्डवीन: होती. तू 'फार छान' म्हणालीस आणि आठवडाभर पोट धरून पडलीस. तुझ्या नवऱ्यानं, हालवरनं, सांगितलं, तेही दोन वर्षांनी.

सुन्निवा: शपथ घातली होती मी त्याला!

ओड्डवीन: माझ्याच पोटचा तो, त्याच्या पोटात काय राहणार? तू का नाही बोललीस?

सुन्निवा: तुम्ही किती खूश होतात. मला जमलंच नाही.

ओड्डवीन: हं. मग मी डोकं खाजवत बसलो. वरीत ग्लूटेन नसतं, मग आलं कुठून? आपल्या विरजणातून! पणजोबांपासूनचं यीस्ट, दर वर्षी बार्लीच्या बिअरमधूनच काढून ठेवलेलं. मीच ते तुझ्या बिअरमध्ये ओतलं.

सुन्निवा: मग आता दुकानातलं घातलंत?

ओड्डवीन: या घरात? जीभ आवर.

सुन्निवा: मग?

ओड्डवीन: चमचाभर यीस्ट वरीच्या गोड पाण्यात. ते फसफसलं की त्यातलं चमचाभर नव्या पाण्यात. असं तीस वेळा. यीस्ट आपलंच राहिलं, बार्ली धुऊन गेली. पिंप नवं, नाताळात सगळ्यांत फिरवायचा वाडगाही नवा कोरलाय. आणि हा प्रयोगशाळेचा कागद, वाच. ग्लूटेन सापडलं नाही म्हणतात.

सुन्निवा: तीस वेळा... बाबा, माझ्यासाठी एवढं कुणी केलं नाही हो. माझ्या आईनंसुद्धा नाही.

ओड्डवीन: रडू नकोस, मला सुचत नाही मग. आभार मीच मानायचे. पोटात कळा येत असताना हसून दाखवलंस मला.

सुन्निवा: आणि बाकीच्यांना बार्लीची वेगळी?

ओड्डवीन: नाही. एकच बिअर, एकच वाडगा.

सुन्निवा: शेजारचा आस्लाक नाक मुरडेल.

ओड्डवीन: मुरडू दे. फुकटची पितो लेकाचा.

सुन्निवा: मला भीती वाटते, बाबा.

ओड्डवीन: वाटणारच. नको असेल तर सरळ नाही म्हण. पण 'छान' म्हणू नकोस.

सुन्निवा: ...वाडगा पुढे देताना काय म्हणतात? अकरा वर्षं या घरात आहे, पण माझ्या हातात कधी आलाच नाही.

ओड्डवीन: काही नाही. पुढच्याचं नाव घ्यायचं नि द्यायचा.

सुन्निवा: एवढंच?

ओड्डवीन: एवढंच. तू माझ्या शेजारी बसतेस ना? अकरा वर्षं तुझं नाव गाळून आस्लाकचं घेत आलो. दर वेळी तुझ्याकडे बघायचं टाळायचो.

सुन्निवा: मग आत्ता घ्या. पाहुणे यायच्या आधी.

ओड्डवीन: (वाडगा भरून पुढे धरत) सुन्निवा.

सुन्निवा: द्या इकडे.