मोरेश्वरची पाळलेली भुरी

...नाही, पण तुम्ही आधीच असे हसायला लागलात तर मी सांगायचं कसं? शब्दन् शब्द खरा आहे, शपथेवर सांगतो, मी स्वतः तिथं उभा होतो... म्हणजे त्या दिवशी मी तिथून लांब, मनुरेवात माझ्या घरी होतो, पण मोरेश्वरनं फोनवर इतकं बारीक सांगितलं की उभा असल्यासारखंच. मला काय मिळणार आहे खोटं बोलून?

तर हा मोरेश्वर. पुण्यात चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेला माणूस, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि वर पगार घ्यायचा. देश सोडून इकडे आल्यावर ते काही जमलं नाही, 'ते रापा' नावाच्या भागात एका गोदामात खोक्यांना टेप लावत बसला, आणि मग ग्लेन नावाच्या शेतकऱ्याला माणूस हवाय कळल्यावर हा सरळ जाऊन सांगून आला की द्राक्षांचा वीस वर्षांचा अनुभव आहे. होता ना. खाण्याचा.

ग्लेनकडे हेम्प. दचकू नका, भांगेच्याच कुळातलं, पण चढत नाही, रीतसर लायसन्स काढून बियाण्यासाठी लावलेलं. प्लास्टिकचे बोगदे, आत बस जाईल एवढे, आणि त्यात झाडं खांद्याला खांदा लावून. फेब्रुवारीत पावसानं मुक्काम ठोकला म्हणून बाजूचे पडदे खाली सोडले आणि आठवड्याभरात पानांवर पांढरं, कुणी टाल्कम पावडर शिंपडावी तसं. भुरी, द्राक्षांवर पडते ती बुरशी.

ग्लेन म्हणाला, "मोरी, तू द्राक्षवाला ना? शुक्रवारपर्यंत हे थांबलं नाही तर मी सगळं उपटणार. मग तुझंही काम संपलं, मेट."

आता काय करावं यानं? नाशिकच्या मावसभावाला, सुशीलला, फोन लावला. सुशील म्हणाला, "आंबट ताक मार, दहापट पाण्यात." ताक म्हटल्यावर यानं घरचा फ्रिज उघडला आणि पातेलं उचलून थेट बोगद्यात. पंपाचं नोझल तुंबलं. का? तर कोथिंबिरीनं. तिकडून मंदावहिनींचा फोन, "अहो, पाहुणे दारात आलेत, माझा मठ्ठा कुठंय?"

"पिकावर आहे," हा म्हणाला. मला काय मिळणार आहे खोटं बोलून?

पण टेस्टर तो टेस्टरच. मठ्ठा गाळून, पातळ करून मारला, तरी दोन ओळी मुद्दाम कोरड्या ठेवल्या, पाट्या लावून. एका वेळी एकच बदल, हा त्याचा धर्म. आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडलं... बंद बोगदा, त्यात जिरं, आलं, आंबलेलं ताक... ग्लेन दारातनंच फिरला. "इथं काय मेलंय?" म्हणाला आणि दोन्ही बाजूंचे पडदे वर गुंडाळून, पंखे लावून गेला.

शुक्रवारी बघतात तर भुरी थांबलेली. नवी पानं हिरवीगार. ग्लेन म्हणाला, "स्वीट ॲज!" म्हणजे इकडचं 'एकदम झकास', आणि मोरेश्वरचं तोंड उतरलेलं. का? अहो, कोरड्या दोन ओळींतही थांबलेली! मग काम केलं कुणी, ताकानं की वाऱ्यानं? नोकरी वाचली, पीक वाचलं, पण याला जेवण जाईना. मंदावहिनी म्हणाल्या, "बरं झालंय ना? मग झालं तर." हा म्हणाला, "टेस्टिंगमध्ये बग परत आणून दाखवल्याशिवाय तो गेला असं म्हणता येत नाही."

आणि खरंच आणला. पार मागच्या कोपऱ्यात दोन झाडं निवडली, त्यांच्यावर प्लास्टिक ओढलं, वारा बंद, दमट हवा, एकाला ताक, एकाला नाही. रोज डब्याआधी भिंग घेऊन दर्शन. आठव्या दिवशी मला फोटो, "बघ, बिनताकवाल्यावर आली." बारसं करायचं बाकी ठेवलं होतं. ताकवाल्यावर काही नाही. अजून तरी नाही. हा गुडघ्यांवर बसून तेच बघतोय आणि मागं बूट. ग्लेनचे.

"मोरी, काय करतोयस?"

"रोग आणतोय."

मग यानं सगळं समजावलं, पाट्या दाखवल्या, तारखा दाखवल्या, म्हणाला, वाऱ्याचं तर नक्की झालं, ताकाचा निकाल लागायला फक्त दोन दिवस द्या. ग्लेन वाकला, भिंगातनं बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "दिले."

मला काय मिळणार आहे खोटं बोलून...

बरं. हे "दिले" तेवढं माझं. बाकी मठ्ठ्यासकट सगळं खरं, पण ग्लेननं काही दिलं नाही. वाकला, ते झाडं उपटायला. दोन्ही, मुळासकट, पाट्यांसकट पिशवीत, आणि याला दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या टोमॅटोच्या बोगद्यात पाठवलं, भिंग काढून घेऊन. मला वाईट वाटलं हो, म्हणून दोन दिवस मी माझ्या पदरचे घातले.

काल त्याचा फोन होता. आवाज असा, की मुलगी पास झाली असावी. म्हणाला, "अरे, टोमॅटोवर पण आलीय."