केडगावच्या पुढं

हॅलो? … हॅलो, आरू? … थांब, थांब, आवाज तुटतोय. जिन्यात येते जरा… हां. बोल आता.

… व्हय, उचलला न्हाई. आत उचलता येत न्हाई गं, लोकं मागं वळून बघत्यात. … अगं आत म्हंजी… ऐक ना. आधी ऐकून तर घे.

… न्हाई, वाघोली न्हाई. शिरूर बी न्हाई. … केडगाव. … व्हय, केडगावच. … गाडी चांगली हाय. पंक्चर न्हाई, काही न्हाई. तुझा डॅनीमामा खाली गाडीला टेकून मोबाईल बघतोय. … पप्पा बी बरे हायत. आरू, उठून बसू नको, हाताला सुई हाय ना तुझ्या. सांगते म्हनलं ना.

पिक्चरला बसलोय आमी.

… व्हय, पिक्चर. टॉकीजमधी. … ओरडू नको. तुझ्या वॉर्डात दुसरी आजारी मानसं असतील.

… मला न्हाई म्हाईत व्हय डॉक्टरांनी पुण्याला चारला बोलावलंय ते? संध्याकाळी पप्पांना एकदा डायलिसिसच्या मशीनवर घेनार, सकाळी तुमाला दोघांना आत नेनार, तुझी एक किडनी काढून त्यांना बसवनार. झोपंत बी तेच पाठ करतीय मी. … हो, हो… अगं ऐक ना.

घरून येळंवर निघालो. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले. शेजारच्या छबूबाईनं बिनमिठाचा डबा बांधून दिला. सगळं यवस्थित. केडगावात आलो तर त्या टॉकीजवर ही मोठी पाटी. काळा झगा घातलेला पाद्री, हातात क्रूस उंच धरलेला, मागं चर्च. पप्पा म्हनले, 'डॅनी, गाडी बाजूला घे. हा आपला पिक्चर आहे.' … नाव कुठलं वाचतीस, कसल्या अक्षरात हुतं कोन जाने. कॉलेजच्या पोरांनी बाहेरदेशातले पिक्चर आनलेत म्हनं, फुकट दाखवत्यात. मला बी वाटलं देवानंच वाटंत उभा केलाय. ऑपरेशनला निघालोय आन् समोर पाद्री क्रूस घेऊन उभा… तुला वाटलं नसतं? … वाटलंच असतं. आमचीच पोरगी तू.

… दोन तासांत निघू म्हनले. दवाखान्यात गेलो की कोन सोडतंय मला, म्हनले. आरू, दोन वर्सं त्या मानसानं घोटभर पान्याशिवाय कशाचा हट्ट केला न्हाई. मी कशी न्हाई म्हनू?

… सांगते की. सुरुवात लई चांगली हुती. बर्फ, लहानसं गाव, चर्चची घंटा. भाषा कुठली ते देव जाने. खाली इंग्रजी अक्षरं येत हुती, ती पप्पा वाचायचे आन् मला मराठीत सांगायचे. हळू, वर्गात सांगावं तसं. पाद्री प्रार्थना करायला लागला तर तुझ्या बापानं टोपी काढली. आन् शेवटाला मोठ्यानं 'आमेन'. पुढची पोरं फिस्सकन हसली. मी बी आमेन म्हनले. काय करू, सवयीनं गेलं तोंडातनं.

… मग त्यो म्हातारा आला. डोंगरावरल्या मोठ्या घरातला. सुळे हे येवढाले. … व्हय, तसलंच. रगत पिनारं. मरतच न्हाई ते, दुसऱ्याचं रगत पिऊन जगतंय. तुझा डॅनीमामा चपला हातात घेऊन बाहेर पळाला. … हास, हास. मी बी हसले तवा. पप्पांना म्हनलं, चला आता, आपला न्हाई हा. तर म्हनले, 'बस. पाद्री परत येईल.'

लवकर न्हाई आला गं त्यो पाद्री.

… सांगते ना. घाई कशाला करतीस, आता घाईचं काय… न्हाई, काही न्हाई. ऐक.

त्या म्हाताऱ्याला एक पोरगी हाय. तरनी, लग्न झालेली, तुझ्यायेवढीच असंल. म्हाताऱ्याला बाहेर कुनाचं मिळंना, तर तीच रोज बापाच्या खोलीत जाती. बाही वर सारती. हात पुढं करती. त्यो तोंड फिरवतो, न्हाई न्हाई म्हनतो, आन् मग घेतो. हळूहळू त्यो असला ताजा व्हायला लागला, गाल लाल, काठी टाकून चालतोय. आन् पोरगी वाळत चाललीय. पप्पा वाचता वाचता थांबले. खाली अक्षरं यायची, जायची. मी म्हनलं, काय म्हनतीय ती? परत इचारलं. मग म्हनले, 'काही नाही. घ्या बाबा, मला काही होत नाही, असं म्हणते.'

… आरू?

… हायस का तू?

… व्हय. तू बी तेच म्हनली हुतीस. आपल्या ओट्यावर बसून, शेंगा सोलता सोलता. मला काय इसर पडलाय व्हय?

… अगं मी काय मुद्दाम नेलं का त्यांना? … डॅनीला कशाला शिव्या देतीस, त्यो तर बिचारा बाहेर हाय. … सगळं म्हनले मी. पिक्चर हाय, खोटं हाय म्हनलं. एका किडनीवर मानूस म्हातारा हुईस्तोवर जगतो, डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं ना, म्हनलं. तर म्हनले, 'मरिया, मला समजतं ते. मीच शिकवलंय मुलांना.'

… उचलून घालू गाडीत? सातवीची पोरं नुसत्या नजरंनं सरळ करनारा मानूस त्यो. माझ्यानं उचलतोय व्हय? … केला, पाळकसाहेबांना पन केला फोन. म्हनले, प्रार्थना करतो. करू द्यात.

… थांब, इंटरव्हलचं सांगू दे. बाहेर आले, सरळ स्टॉलवर गेले, थंड पान्याची बाटली घेतली. … आख्खी. आख्खी बाटली, आरू. उभ्या उभ्या. … न्हाई थांबवलं मी. घोट मोजून देते मी त्यांना. उन्हाळ्यात बर्फाचा खडा जिभेवर धरून बसायचे, त्यो बी मी हिशेबानं द्यायचे, आन् आज घटाघटा… घाटी वरखाली व्हायली नुसती. तोंड पुसलं आन् हसले. लई दिसांनी असं हसले गं. ज्याला मशीनवर जायचंय त्यो मानूस असं पानी पितो का, तूच सांग.

मग म्हनले, 'मी पुढे येणार नाही.'

… येवढंच. आन् परत आत जाऊन बसले. शेवट बघायचाय म्हनले.

… प्रभुभोजनाचं? ते बी म्हनलं. तुझ्या आधी मीच म्हनलं. जलमभर चर्चमधी प्याला तोंडाला लावता, दुसऱ्यानं आपल्यासाठी सांडलेलं रगत म्हनूनच घेता ना? तवा न्हाई व्हय जड जात? … तर म्हनले, 'तो देव होता, मरिया. माझी पोरगी देव नाही.'

… माझं काय इचारतीस? माझी किडनी चालली असती तर कवाच दिली असती. ह्या साखरंनं घात केला माझा. … खरं सांगू? रागवू नको. ते न्हाई म्हनले तवा मला एकदम हलकं वाटलं. तुझ्या पोटाला सुरी लागनार न्हाई म्हनून. तुझी एंजल कडेवर घे म्हनून हात वर करती आन् तू उचलू शकत न्हाईस, हे कितींदा डोळ्यापुढं आलंय माझ्या. … आई हाय गं मी तुझी. … आन् लगेच त्यांच्या त्या फुगलेल्या हाताकडं बघितलं आन् मेल्यागत झालं. दोन्हीकडनं मीच मरतीय, आरू.

… ती नस? मशीनच्या सुयांसाठी हातात जोडून फुगवलेली? अंधारात हात ठेवून बसले हुते की मी तिच्यावर. रोज झोपताना ठेवते तसा. घरघर लागतीय, पन लई मंद. पिठाची गिरन बंद केल्यावर पट्टा फिरत राहतो ना, तशी. डॉक्टर म्हनलेच हुते, ही गेली की मशीन बी अवघड हाय. … सगळं म्हाईत हाय त्यांना. आपल्यापेक्षा जास्त म्हाईत हाय.

… देते. देते फोन. तू बोल. रडून बोल, भांडून बोल, तुझंच ऐकत्यात ते. … न्हाई, कट करू नको, आत जाते. दार लई जड हाय हे… थांब…

… अहो. अहो, आरू हाय. … घ्या. … घ्या ना, पाया पडते. … इकडनं न्हाई, उलटा धरलाय… हां. बोल गं आरू, धरलाय त्यांनी.

…

…

… हॅलो. मी हाय आता. बाहेर आले. … काहीच न्हाई बोलले? … ऐकत हुते गं. फोन दोन्ही हातांनी धरला हुता, लहान पोरानं पेला धरावा तसा. नजर पडद्यावर. … व्हय, आला हुता पाद्री, क्रूस घेऊन. पन त्याचा काही उपेग झाला न्हाई. पोरगी झोपली हुती, तवा म्हाताऱ्यानं सोताच खिडकीचा पडदा बाजूला ओढला. ऊन आलं आत. … व्हय, उन्हात न्हाई जगत ते. … संपला पिक्चर.

… मला बोलले. फोन माघारी देताना. … सांगते नंतर. … आत्ताच कशाला…

… लोकं बाहेर यायला लागली. पोरं हसत्यात, कुनी कुनाच्या मानेला चावायचं सोंग करतंय. … आले, आले ते. माझ्याकडं बघितलं न्हाई, कठड्याला धरून खाली चाललेत. … उन्हात उभे राहिलेत. टोपी हातातच हाय. डॅनीला काही सांगत्यात. … डॅनी वर माझ्याकडं बघतोय, आरू. मी काय सांगू त्याला? … सांग ना, काय सांगू?

… मीच हो म्हनून मान हलवली.

… गाडी चालू केली त्यानं. वळवतोय. … न्हाई, पुण्याकडं न्हाई.

… तू आत्ता पळत येऊ नको. नर्सला सुई काढायला सांग. उद्या ये, एंजलला घेऊन ये, तिच्याशी खेळत्यात ते. आमच्या जावयाला, इमॅन्युएलला म्हनावं… काही म्हनू नको त्याला. घाबरलाय त्यो बी मनातनं, कवाचा.

… काय म्हनले ते? … सांगते.

… तुला सकाळपासनं नुसत्या पातळावर ठेवलंय ना? … भात बी न्हाई? … चहा तरी?

… 'तिला जेवायला सांग,' म्हनले.

… आरू. … बाळा. … व्हय, येवढंच म्हनले.

… हॉर्न वाजवतोय डॅनी. पप्पा बसले गाडीत, पुढं. … तू ताट मागव. गरम हाय का बघून घे. … कळतंय मला घास उतरायचा न्हाई. तरी जेव. त्यांनी इचारलं तर मला सांगता आलं पायजे.

… जेव बाई. ठेवते.